विजेच्या समांतर वाटा

संध्याकाळची वेळ आहे. दिवाणखान्यांत जुन्या धर्तीचा, तापलेल्या तारेचा पिवळा दिवा जळत आहे, आणि शेजारच्या खोलींत कोणी इस्त्रीचें बटण दाबतें. त्याच क्षणीं दिव्याचा प्रकाश किंचित् खालीं येतो आणि तेथेंच स्थिरावतो. इस्त्री पुरेशी तापली कीं तिच्यांतील चाप आपोआप सुटतो आणि दिवा पुन्हा पूर्ववत् उजळतो. बहुतेक श्रोत्यांनीं हा प्रकार पाहिला असेल आणि ‘लोड आला’ एवढें म्हणून तो सोडूनहि दिला असेल.

परंतु या क्षुल्लक घटनेंत एक नव्हे, दोन कोडीं आहेत. इस्त्री त्या दिव्याच्या सोळापटीहून अधिक वीज ओढते. एवढा मोठा वाटेकरी घरांत आल्यावर दिव्याच्या पदरीं इतकी थोडी तूट कां यावी? तो विझून कां जात नाहीं? हें पहिलें कोडें. आणि इस्त्री निराळ्या खोलींत, निराळ्या तारेवर असतां दिव्याला तिची गंधवार्ता तरी कां लागावी? हें दुसरें. पहिल्या कोड्याशीं निगडित असलेल्या प्रश्नावर १८७९ सालीं इंग्लंडांतील एका नामांकित तज्ज्ञानें आपली प्रतिष्ठा पणाला लावली होती. दुसऱ्याचें उत्तर ठाऊक नसल्यामुळें आजहि घरें जळतात.

गच्चीवर पाण्याचा मोठा हौद आहे आणि त्यापासून निघालेल्या नळाला खालच्या चौकांत चार तोट्या बसविल्या आहेत, अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. हौदाची उंची पाण्याला खालीं रेटते. हा रेटा म्हणजे दाब. विजेच्या शास्त्रांत तो व्होल्टमध्यें मोजतात. तोटीचें भोक लहान असेल तर पाण्याला अडथळा अधिक. हा अडथळा म्हणजे रोध, आणि त्याचें माप ओहम. तोटींतून दर क्षणाला जें पाणी प्रत्यक्ष पडतें तो प्रवाह. विजेच्या बाबतींत त्याचें माप अँपिअर. चारहि तोट्या एकाच हौदाला जोडलेल्या असल्यामुळें प्रत्येकीच्या मागें हौदाचा संपूर्ण दाब उभा असतो. दुसरी तोटी सोडली म्हणून पहिलीचा दाब निम्मा होत नाहीं. हौदांतून बाहेर पडणारें एकंदर पाणी मात्र वाढतें. मधला नळ पुरेसा रुंद आहे तोंवर हें असेंच चालतें. ‘मधला नळ’ हे शब्द ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत. दुसऱ्या कोड्याची किल्ली तेथेंच आहे. उपमेंत एक उणीवहि आहे. तोटीचें पाणी चौकांत सांडून जातें. वीज मात्र दुसऱ्या तारेनें परत फिरते, आणि परतीची वाट तुटली कीं जाणें तत्क्षणीं थांबतें.

दाब, रोध आणि प्रवाह यांचें नातें आज शाळेंतील मुलाला एका ओळींत सांगतां येतें: दाबाला रोधानें भागलें कीं प्रवाह मिळतो. ही ओळ शोधून काढणारा गेऑर्ग ओहम हा जर्मनींतील एर्लांगेन गांवच्या एका कुलुपें करणाऱ्या कारागिराचा मुलगा. कोलोन येथें तो शाळामास्तर होता. त्या काळच्या विद्युत्घटांचा दाब प्रयोग चालू असतांनाच ढळत असे, आणि दाब स्थिर नसेल तर रोधाचा परिणाम मोजणार कसा? ओहमनें १८२६ सालीं बिस्मथ व तांबें यांचे सांधे घेतले, एक सांधा उकळत्या पाण्यांत व दुसरा बर्फांत ठेवला, आणि त्यापासून निघणाऱ्या क्षीण परंतु अढळ दाबावर निरनिराळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा तपासल्या. पुढील वर्षीं, १८२७ सालीं, त्याचें पुस्तक बर्लिनमध्यें निघालें आणि मायदेशांत त्याचें स्वागत थंडपणानें झालें. ओहमनें नोकरी सोडली व पुढें कित्येक वर्षें हलाखींत काढलीं. लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्याला कोप्ली पदक दिलें तें १८४१ सालीं, म्हणजे चौदा वर्षांनीं. म्युनिकच्या विद्यापीठांत प्राध्यापकपद मिळालें तें १८५२ सालीं. आणि १८५४ सालीं तो वारला. ज्याच्या नांवानें आज जगभर रोध मोजला जातो, त्याला हव्या त्या पदाचा लाभ दोनच वर्षें झाला.

ओहमच्या नियमाला दुसऱ्या एका साध्या नियमाची जोड लागते. ती १८४५ सालीं गुस्टाफ किर्खहोफ यानें दिली. त्या वेळीं तो कोनिग्सबर्ग येथें एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. जेथें तारेला फांटे फुटतात तेथें जितका प्रवाह येतो, तितकाच सर्व फांट्यांतून मिळून बाहेर पडतो. वाटेंत कोठें सांठत नाहीं व हरवत नाहीं. या दोन नियमांवर घरांतील सर्व गणित उभें आहे.

आतां दिवा आणि इस्त्री यांचेंच उदाहरण घ्यावें. घरांतील दाब २३० व्होल्ट. साठ वॅटच्या दिव्याच्या तारेचा, ती तापलेली असतांना, रोध सुमारें ८८० ओहम. म्हणून तिच्यांतून जेमतेम पाव अँपिअर प्रवाह जातो. हजार वॅटच्या इस्त्रीचा रोध सुमारें ५३ ओहम, तिच्यांतून ४.३५ अँपिअर जातो. दोन्ही उपकरणें एकाच दोन तारांमध्यें शेजारीं शेजारीं जोडलेलीं आहेत. यालाच समांतर जोडणी म्हणतात. दोघांनाहि पुरे २३० व्होल्ट मिळतात. प्रत्येकजण आपापल्या रोधाप्रमाणें प्रवाह घेतो. शेजारी किती घेतो याच्याशीं त्याला कर्तव्य नसतें. एकूण प्रवाह ४.६ अँपिअर. या बेरजेनें २३० ला भागलें तर दोघांचा मिळून रोध सुमारें ५० ओहम येतो. येथें नवशिका हमखास अडखळतो, कारण एक रोध ८८०, दुसरा ५३, आणि दोघांचा मिळून ५० कसा? अडथळ्यांत अडथळा मिळवला तर तो वाढावयास हवा! परंतु येथें अडथळा मिळवलेला नसून वाट मिळवलेली आहे. जकातीच्या नाक्यावर एक दरवाजा उघडा असतां दुसरा कितीहि अरुंद दरवाजा उघडला, तरी गर्दी थोडी अधिकच सुटते. समांतर वाटांचा एकत्रित रोध त्यांतील सर्वांत सोप्या वाटेपेक्षांहि कमी असतो, तो यामुळें.

हींच दोन उपकरणें एकापुढें एक, एकसर जोडलीं असतीं तर? मग रोधांची खरी बेरीज होते, प्रवाह पाव अँपिअरच्याहि खालीं येतो, दिवा जवळजवळ पूर्ण तेजानें जळतो आणि इस्त्रीच्या वांट्याला अवघे १३ व्होल्ट येतात. तिच्यानें हातरुमालाची चुणीहि मोडणार नाहीं. शिवाय एक बटण बंद केलें कीं दोन्ही बंद. घरासाठीं ही जोडणी कुचकामाची आहे हें उघड दिसतें. परंतु विजेच्या दिव्यांचा व्यवसाय सुरू झाला तो तिच्याच आधारें.

ते दिवे आर्क दिवे होत. कोळशाच्या दोन कांड्यांच्या टोकांत थोडें अंतर ठेवून तेथें विजेची ज्वाळा पेटवावयाची. अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहराच्या चौकांत चार्ल्स ब्रश यानें २९ एप्रिल १८७९ रोजीं असे बारा दिवे लावून दाखविले. ते एकाच माळेंत, एकसर जोडीत असत, आणि एक दिवा बिघडला तर प्रवाहाला त्याला वळसा घालून पुढें जातां यावें अशी योजना ब्रशनें करून ठेवली होती. चौकांसाठीं व रस्त्यांसाठीं हा प्रकाश उत्तम; परंतु बसावयाच्या खोलींत तो डोळे दिपवून टाकी. ग्यासच्या दिव्याएवढा बेताचा, प्रत्येकाला आपल्या खोलींत आपल्या इच्छेनें लावतां-विझवतां येईल असा विजेचा दिवा शक्य आहे काय? ‘विजेच्या प्रकाशाचें विभाजन’ या नांवानें हा प्रश्न त्या काळीं गाजला.

तो अशक्य आहे असें म्हणणाऱ्यांत विल्यम प्रीस हा इंग्लंडच्या पोस्ट-खात्याचा विद्युत्तज्ज्ञ अग्रभागीं होता. विभाजनाची कल्पना म्हणजे दलदलीवरचा चकवा आहे, या अर्थाचें मत त्यानें १८७९ सालीं जाहीरपणें मांडलें. प्रीस कांहीं अडाणी नव्हता. त्याच्या युक्तिवादाचा गाभा असा: एक यंत्र घेतलें, त्याचा दाब ठरलेला, आणि त्याच्या स्वतःच्या वेटोळ्यांतहि कांहीं रोध आहेच. त्यावर समांतर दिवे वाढवीत गेल्यास दिव्यांचा एकत्रित रोध घटत जातो आणि दाबाचा अधिकाधिक भाग यंत्राच्या पोटांतच खर्च होतो. दिवे दहापट केले तर प्रत्येकाचा प्रकाश दहाव्या हिश्श्याच्याहि कितीतरी खालीं जाईल. म्हणजे विभागणींत वांट्यापेक्षां नुकसानच अधिक. यांतील गणित बरोबर होतें. चूक होती ती गृहीतांत. दिव्याचा रोध थोडक्या ओहमांचा आणि यंत्राचा रोध त्याच्या बरोबरीचा असावयाचाच, हें त्यानें धरून चालविलें होतें; कारण यंत्रापासून जास्तींत जास्त काम मिळावयाचें तर आंतला रोध व बाहेरचा रोध सारखे हवेत, असा तत्कालीन पंडितांचा पाठ होता. जास्तींत जास्त काम आणि कमींत कमी नासाडी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें फारसें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. दोन्ही रोध सारखे असतील तेव्हां निम्मी शक्ति यंत्र तापविण्यांतच जाते!

न्यू जर्सींतील मेन्लो पार्क येथें टॉमस एडिसन आणि त्याचा गणितज्ञ सहकारी फ्रान्सिस अप्टन हे याच ओहमच्या नियमानें उलट दिशेनें विचार करीत होते. त्यांनीं प्रश्न यंत्रापासून आरंभिला नाहीं. तांब्याच्या भावापासून आरंभिला. समजा, शंभर वॅटचा दिवा करावयाचा आहे. तो एक व्होल्टाला शंभर अँपिअर घेऊन करतां येईल, दहा व्होल्टाला दहा अँपिअर घेऊन करतां येईल, किंवा शंभर व्होल्टाला एक अँपिअर घेऊनहि करतां येईल. प्रकाश सारखाच. परंतु रस्त्याखालच्या तारेला मात्र हे तीन दिवे सारखे नाहींत. दहा व्होल्टाच्या दिव्याचा रोध एक ओहम. शंभर व्होल्टाच्याचा शंभर ओहम. हजार दिवे पेटवावयाचे तर पहिल्या प्रकारांत तारेंतून दहा हजार अँपिअर न्यावे लागतील, दुसऱ्यांत एक हजार. तारेंत होणारी दाबाची तूट त्याच प्रमाणांत राखावयाची असेल तर पहिल्या प्रकाराला दुसऱ्याच्या शंभरपट तांबें लागेल. दहापट नव्हे, शंभरपट; कारण प्रवाह दहापट वाढला आणि तूट सोसण्याची ऐपत दहाव्या हिश्श्यावर आली. जाड कोळशाच्या कांडीचा, थोड्या रोधाचा दिवा प्रयोगशाळेंत कितीहि सुंदर जळो. गांवभर लावावयाचा म्हटला तर तो तांब्याच्या भावानें मेला.

म्हणून दिव्याचा रोध वाढवावयाचा, म्हणजे तंतु शक्य तितका बारीक व लांब करावयाचा. ऑक्टोबर १८७९ मध्यें जाळून कोळसा केलेल्या साध्या शिवणाच्या दोऱ्यानें हें साधलें आणि त्या वर्षाच्या अखेरच्या रात्रीं मेन्लो पार्कचे दिवे लोकांना पाहावयास खुले झाले. एडिसननें दिव्याचा शोध लावला असें शाळेच्या पुस्तकांत असतें. काचेच्या गोळ्यांत कोळसा तापवून उजेड पाडण्याचे प्रयत्न त्याच्या कितीतरी आधींपासून चालू होते, आणि इंग्लंडांतील जोसेफ स्वान तर त्याच सुमारास त्याच कामांत गढलेला होता. एडिसनचा खरा विशेष हा, कीं समांतर जोडणीला कोणता दिवा मानवेल तें त्यानें आधीं ठरविलें, आणि मग तसा दिवा शोधला. दुसऱ्या बाजूनें त्यानें आपल्या यंत्राच्या वेटोळ्यांचा रोध अगदीं थोडा ठेवला, म्हणजे दिवे वाढले तरी दाब यंत्राच्या पोटांत जिरूं नये. प्रीसच्या युक्तिवादांतील दोन्ही गृहीतें अशा रीतीनें उलटीं करण्यांत आलीं. पॅरिसमध्यें १८८१ सालीं विजेचें मोठें प्रदर्शन भरलें. तें पाहिल्यावर प्रीसनें, आपण एडिसनवर कठोर टीका केली होती परंतु त्यानें प्रश्न सोडविला आहे, असें लंडनमध्यें उघडपणें मान्य केलें. विद्वानांनीं शब्द फिरविल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. इतक्या सरळपणानें ते मागें घेतल्याचीं थोडीं. त्याच वर्षीं पॅरिस येथें भरलेल्या विद्युत्परिषदेनें व्होल्ट, ओहम व अँपिअर हीं मापें सर्व राष्ट्रांसाठीं ठरविलीं.

न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील वीजघर ४ सप्टेंबर १८८२ रोजीं दुपारीं सुरू झालें. दाब सुमारें ११० व्होल्ट, पहिल्या दिवशींचे दिवे सुमारें ४००. रस्त्याखालीं लोखंडी नळ्यांतून अर्धगोल तांब्याच्या कांबी घातलेल्या होत्या. येथें दुसरी अडचण उभी राहिली. वीजघराजवळच्या घराला पुरा दाब मिळे; दूरच्या घरापर्यंत पोंचतांना तारेच्या रोधांत तो घसरे. सर्व तारा जाड करणें म्हणजे पुन्हा तांब्याचा खड्डा. उपाय असा काढला, कीं घरांना जोडलेल्या तारांचें जाळें निराळें ठेवावें, आणि वीजघरापासून त्या जाळ्याच्या ठराविक ठिकाणांपर्यंत, वाटेंत एकहि दिवा न जोडतां, स्वतंत्र पुरवठ्याच्या तारा न्याव्यात. या तारांत दाब पडला तरी चालतो. तो सर्वांचा सारखाच पडतो आणि यंत्राकडून भरून काढतां येतो. पुढें दोन यंत्रें एकापुढें एक जोडून तीन तारांची पद्धतहि निघाली. पेन्सिल्व्हेनियांतील सनबरी येथें जुलै १८८३ मध्यें ती चालू झाली. बाहेरच्या दोन तारांत २२० व्होल्ट, मधल्या तारेपासून प्रत्येक बाजूला ११०. दिवे दोन्ही बाजूंना सारखे असले तर मधल्या तारेंतून कांहींच वाहत नाहीं. तांबें निम्म्याहून अधिक वांचलें.

पर्ल स्ट्रीट सुरू झालें त्याच १८८२ सालीं मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटांत विजेचे दिवे लावण्याचा करार झाला होता. करार करणारी कंपनी दुसऱ्याच वर्षीं बुडाली आणि मार्केट पुन्हा ग्यासच्या उजेडाकडे परतलें.

पहिलें कोडें येथें सुटलें. आतां दुसरें, म्हणजे मधला नळ. घरांतील सर्व फांटे समांतर असले तरी खांबापासून घरापर्यंतची आणि घरांतल्या पहिल्या कांहीं हातांची तार सर्वांची सामाईक असते, आणि ती दिव्याला व इस्त्रीला एकसर जोडलेली असते. तिचा रोध समजा अर्धा ओहम आहे. इस्त्रीचे ४.३५ अँपिअर तिच्यांतून जाऊं लागतांच दोन व्होल्टांहून थोडा अधिक दाब वाटेंतच जिरतो, आणि दिव्याला २३० ऐवजीं सुमारें २२८ मिळतात. तूट शेंकडा एकाची. परंतु तापलेल्या तारेचा प्रकाश दाबापेक्षां फार वेगानें घटतो, म्हणून उजेडांत ती शेंकडा तीन-चार इतकी होते, आणि डोळ्याला तेवढी पुरते. हल्लींच्या एलईडी दिव्यांच्या आंत दाब सांवरून घेणारी यंत्रणा असते. ते बहुधा मंदावत नाहींत, आणि तूट झाली हें सांगतहि नाहींत.

सामाईक तार सोसते ती सर्वांची बेरीज. सहा अँपिअरच्या एका लांबवलेल्या पाटीवर इस्त्री, हजार वॅटची शेगडी आणि दीड हजार वॅटची पाण्याची किटली एकदम लावली तर एकूण प्रवाह १५ अँपिअरच्या वर जातो. यांतील एकहि उपकरण आपल्या हक्काबाहेर वीज घेत नाहीं. परंतु तारेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गानें वाढते, आणि ती सोसवेल त्याच्या सहापटीहून अधिक होते. शॉर्ट सर्किट म्हणजे तरी काय? सोलवटलेल्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या, म्हणजे जवळजवळ शून्य रोधाची एक नवी समांतर वाट उघडली. दाब तोच राहिला आणि प्रवाह शेंकड्यांवर गेला. अशा वेळीं बारीक तार आधीं वितळून वाट तोडते. तिला फ्यूज म्हणतात, आणि अशा सुरक्षा-तारेचें पेटंट एडिसननें १८८० सालींच घेतलें होतें. फ्यूज गेला म्हणून त्या जागीं जाड तार पिळून बसविणारा गृहस्थ भिंतींतल्या तारेलाच फ्यूज करीत असतो.

परंतु फ्यूजला एक दोष दिसत नाहीं. खटक्याच्या किंवा सॉकेटच्या आंत एखादा सांधा ढिला झाला कीं तेथें रोध वाढतो; समजा दोन ओहम झाला. त्यांतून पांच अँपिअर जात असतां त्या तांदुळाएवढ्या जागेंत पन्नास वॅट उष्णता सतत निघते. प्रवाह मात्र वाढत नाहीं, उलट किंचित् घटतो. आणि फ्यूजला कळतो तो फक्त प्रवाह. तो शांत राहतो, आणि सांधा भिंतींत जळत राहतो. बाहेर येणाऱ्या खुणा थोड्या: सॉकेटला तांबूस डाग, काढलेल्या प्लगचा चटका, जळक्या बॅकेलाइटचा वास, आणि जेथें जुना दिवा अजून आहे तेथें त्याचें मंदावणें. इस्त्री लावतांच गेल्या वर्षीं जो दिवा जरासा उतरत असे, तो या वर्षीं स्पष्ट काळवंडूं लागला किंवा थरथरूं लागला, तर वाढ इस्त्रींत झालेली नसून वाटेवरच्या सांध्यांत झाली आहे. मुख्य खटका खालीं करावा आणि वायरमनला बोलावून प्रथम सांधे पाहावयास सांगावें.